घागर जरा जास्तच घासली

रवि. ११ नोव्हेंबर २००७
ढवळी आज चार वेळा हलली. शेळीला काय कळतं फोटू. पमी तिच्या खुरांपाशी पालथी पडून मोबाइल धरून बसलेली. म्हणे, आजे, तिला धर ना. म्हणलं, शेळी धरू का भाकरी थापू? धरली शेवटी. भाकर करपली.
ह्या हप्त्याचा विषय 'पाय'. कम्प्युटरवर ठाण्याची कोण एक बाई हाय, ती दर गुरुवारी विषय देते. मंग गावोगावचे लोक आपली कुत्री, मांजरं, चूल, रांजण, काय वाटेल ते काढून पाठवतात आन हप्ताभर एकमेकांचं बघत बसतात. रिकाम्या लोकांचा धंदा.
पण पाय चांगले आले. चिखलात चार खूर, मधी माझा एक पाय, भेगा पडलेला. माझा काहून घेतला म्हणलं तर नात म्हणते, त्याच्यावाचून फोटूला मजा न्हाई.

मंगळ. १३ नोव्हें.
मोबाइल माझा हाय. हे लिहून ठेवते, उद्या वाद नको. धाकट्या लेकानं पुण्याहून गेल्या वर्षीच्या दिवाळीला आणला. "माय, बटण दाबलं की माझा आवाज येईल." एकदा आला. आमच्या घरात टावर लागत न्हाई, उकिरड्यावर उभं राहिलं तर लागतो. लेकाशी बोलायला उकिरड्यावर कोण उभं राहील? तवापासून पमीच्याच हातात.
ला. गेली. (लाइट लिहायचा कंटाळा येतो. रोज लिहायला लागतं.)

गुरु. १५ नोव्हें.
पमी पाचच्या एसटीनं आली. औंढ्याला कालेज सुटलं की कम्प्युटरच्या दुकानात जाते, फोटू निघाला की टाकते, गुरुवारी नवीन विषय आणते. लोकांनी काय काय लिहिलं ते वहीच्या मागं उतरवून आणते आन मला वाचून दाखवते. मी तांदूळ निवडत ऐकते. ऐकते म्हणजे कानावर पडतं.
आज वाचत होती, "गिरजाआजी, तुमच्या पायाला नमस्कार." "गिरजाआजी, मुकादमसाहेब रजेवर आहेत का?"
मुकादम आमचं मांजर. कोणी काम करत असलं की समोर येऊन बसतं, स्वतः काडी हलवत न्हाई, म्हणून मुकादम. इथून पुढं मु.
म्हणलं, मला काहून नमस्कार घालून राहिले हे?
पोरगी खाली बघायला लागली. मंग कळलं. पोरीच्या नावानं टाकलं तर नको ते लोक मागं लागतात, म्हणून हिनं माझं नाव टाकलं. मी आयुष्यात कोणाला पत्र धाडलं न्हाई आन तिकडं माझ्या नावानं दुकान चालू हाय.
"बापाला म्हाईत हाय?"
"न्हाई."
"मंग मलाबी म्हाईत न्हाई."
थोड्या वेळानं विचारलं, अजून काय म्हणले मुकादमाबद्दल?

बुध. २१ नोव्हें.
विषय 'झोप'. मु. पमीच्या बापाच्या, उत्तमच्या, घमेल्यात झोपलेला. उत्तम गवंडीकाम करतो, संध्याकाळी घमेलं धुऊन पालथं न घालता ठेवतो, हे त्याचं लहानपणापासूनचं. मांजराला गादी झाली. फोटू झाला.
उत्तम आला, बघितलं, मांजराला हाकललं आन पोरीला म्हणाला, "बारावी हाय ना यंदा?" एवढंच. माझा लेक वाईट न्हाई. पण लोक काय म्हणतील ह्याचा त्याला कुत्रं चावल्यावाणी भेव हाय.

शनि. २४ नोव्हें.
विषय 'आरसा'. घरातला आरसा तळहाताएवढा, त्यालाबी चीर. पमीनं मु.ला त्याच्यासमोर धरलं, त्यानं तिला ओरबाडलं.
म्हणलं, सरक. माझ्या लग्नातली पितळी घागर काढली. चिंच लावली, राख लावली, परत चिंच. तीनदा घासली. सूनबाई शोभा, पमीची आई, म्हणे, "आत्याबाई, पौर्णिमा न्हाई, पाहुणे न्हाई, कशाला एवढी?" म्हणलं, तू तुझी डाळ बघ. ठाण्याच्या बाईला कळू दे आमच्याकडं पितळ कसं घासतात.
लखलखीत झाली. मु. आला, घागरीत दुसरं मांजर बघितलं, आन पाठीची कमान करून असा फुगला की पमी खो खो हसली. हसता हसता बटण दाबलं.
लई चांगला फोटू. शेपूट तर बाभळीच्या फांदीवाणी.

गुरु. २९ नोव्हें.
वहीचं दीड पान भरून आणलं. एवढं कधी आलं न्हाई. कोण म्हणे घागर सोन्याची का. कोण म्हणे साहेबांनी स्वतःलाच नोटीस दिली. कम्प्युटरच्या दुकानवाला सुद्धा खूश, आपल्या भागातला फोटू म्हणून.
मी दोनदा वाचायला लावलं. लिहून ठेवते, खोटं काहून बोलू.

मंगळ. ४ डिसेंबर
बाबाराव आला. भावकीतला, माझ्या चुलतदिराचा पोरगा. औंढ्याला चपलाचं दुकान, कम्प्युटरच्या दुकानाला लागून. चहा घेतला. दुसरा घेतला. मंग उत्तमला म्हणाला, "भाऊ, राग मानू नको. झेराक्स काढायला शेजारी गेलो तर चार पडद्यांवर चार मांजरं, चार घागरी, आन चारी घागरीत तुझी पोरगी दात काढून हसून राहिली. समोर कालेजची पोरं बसलेली. एक जण मोठं करून बघत होता."
दुकानवाल्यानं कौतुकानं आमचा फोटू सगळ्या पडद्यांवर लावलेला. खिशातून कागद काढला बाबारावनं. छापून आणला होता, पुराव्याला.
मी चष्मा लावून बघितलं. मांजर. घागर. घागरीच्या पोटात पमी. ओढणी खांद्यावरून सरकलेली, तोंड उघडं, हातात मोबाइल. आरशात दिसावी तशी स्वच्छ.
हप्ताभर आमच्यापैकी कोणीच बघितलं न्हाई. आमी मांजराचं शेपूट बघत होतो.
उत्तम ओरडला न्हाई. ओरडला असता तर बरं झालं असतं. हात पुढं केला, "एसटीचा पास दे." पमीनं दिला. त्यानं शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, गुंडी लावली.
बाबाराव जाता जाता म्हणाला, "डोंगरकडा गावाला एक स्थळ हाय. पोराची किराणा दुकानात नोकरी. मी शब्द टाकतो. बोभाटा व्हायच्या आधी उरकून टाक."
कागद तो इथंच ठेवून गेला. मी चुलीत घातला.

बुध. ५ डिसें.
सकाळची सातची गाडी गेली. पमी उंबऱ्यात बसून होती. जेवली न्हाई. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा. नर्सिंगला जायचं म्हणते पाचवीपासून. तवा ढवळीच्या आईच्या पायाला चिंधी बांधून इंजेक्शन द्यायची, बाभळीच्या काट्यानं.
घागर कोपऱ्यात चमकून राहिली. इतर बायका घासतात तशी एकदा घासली असती तर धड मांजरबी दिसलं नसतं. तीनदा कोणी सांगितलं होतं?
तिच्यावर गोणपाट टाकलं.

गुरु. ६ डिसें.
शोभा म्हणे, आत्याबाई, तुमी बोला त्यांच्याशी, माझं ऐकत न्हाईत. म्हणलं, माझं तरी कवा ऐकलं. पाहुणे रविवारी १६ तारखेला यायचे ठरले. बाबाराव घेऊन येणार.
पोरगी रडत न्हाई. पुस्तक उघडून एकाच पानाकडं बघते. रडली असती तर दोन शब्द बोलले असते.
लोक जे बोलतील ते पमीचं बोलतील. ते माझ्याकडं वळवायला पाहिजे. म्हातारीला कोण काय करतं? म्हातारीला लोक हसतात आन दुसऱ्या दिवशी विसरतात.

शुक्र. ७ डिसें.
उत्तम जेवायला बसला तवा सांगितलं.
"तो फोटू माझा हाय. सगळेच माझे. मोबाइल माझा, मांजर माझं, घागर माझी. तिथं नावबी माझं हाय, जा बघून ये. पोरगी नुसती बटण दाबते, कारण मला दिसत न्हाई बराबर."
घास हातात राहिला त्याचा. "माय, तुला अक्षरं काढायला साक्षरतेच्या वर्गात दोन वर्षं लागली."
"लागली. पण आली ना?"
"कोणाला वाचवायला बोलून राहिलीस ते कळतं मला."
"कळतं तर मंग पास दे."
"सुमनताईला सातवीतून कोणी काढलं होतं? मी का तू?"
हे त्यानं कधी काढलं नव्हतं. सुमन माझी लेक, ह्याच्याहून मोठी. गावात कोणीतरी काहीतरी बोललं, काय बोललं तेबी आता आठवत न्हाई, आन मी तिचं दप्तर माळ्यावर टाकलं. तीन महिन्यांत लग्न. आता ऊस तोडते.
म्हणलं, "मीच काढलं. म्हणून तर सांगते."
तो उठला, हात धुतला. दारातून म्हणाला, "तुझा नाद हाय ना? गुरुवारी औंढ्याला चल. बाबारावसमोर काढून दाखव. स्वतःच्या हातानं. जमलं तर मी चार माणसांत सांगतो, आमच्या मायला म्हातारपणी फोटूचं येड लागलं. न्हाई जमलं तर परत तोंड उघडू नको."
ठरलं. सहा दिवस हायत.

शनि. ८ डिसें.
गोठ्यात शिकले. उत्तम कामावर गेल्यावर. पमीनं बटण दाखवलं, मधलं. माझा अंगठा एवढा की तीन बटणं एकदम दबतात. पहिला फोटू आभाळ. दुसरा माझा अंगठा. तिसरा ढवळीची पाठ, म्हणजे मागची बाजू. चौथा अंगठाच.
पमी हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.
म्हणलं, हसू नको. हसण्यानंच हे झालं.

सोम. १० डिसें.
दाबताना श्वास धरायचा. दाबल्यावर लगेच हात हलवायचा न्हाई, तो अजून बघत असतो. मला कोणी हे आधी सांगितलं न्हाई. सुईत दोरा घालताना धरते तसा श्वास धरला तर मु. आला, अख्खा, दोन्ही कान, मिशा.
पमी म्हणे, आजे, हा माझ्यापेक्षा चांगला हाय. थापा मारते. पण कान बराबर आले होते.
विषय काय ते म्हाईत न्हाई. पमी मागच्या गुरुवारी गेलीच न्हाई तर आणणार कोण.

बुध. १२ डिसें.
रात्री दोनदा उठून चुलीपाशी जाऊन बसले. थंडीनं.
थंडीनं न्हाई.

गुरु. १३ डिसें.
औंढा. एसटीत मी, उत्तम. पमीला आणायचं न्हाई असा त्याचा हुकूम. मोबाइल कमरेला पिशवीत.
कम्प्युटरच्या दुकानात गेलो. चारी पडद्यांवर आमची घागर. पमी हसून राहिली, चार वेळा. उत्तमनं मान फिरवली. मी दुकानवाल्याला म्हणलं, आधी ते काढ. तो गडबडला, "आजी, कौतुकानं लावलं होतं हो." म्हणलं, कौतुक पोचलं, काढ. काढलं. तिथं आता डोंगर हाय कुठला तरी, बर्फाचा.
बाबाराव आलाच. हाताची घडी घालून दारात उभा, पान खात. दोन पोरं कम्प्युटरवर होती, तीबी वळून बघायला लागली.
दुकानवाल्यानं आमचं पान उघडलं. वर लिहिलेलं 'गिरजाआजी'. उत्तमनं वाचलं. परत वाचलं. विषय होता 'कान'. आज शेवटचा दिवस.
कान! तीन दिवसांपूर्वीच मु.चे कान काढले होते. म्हणलं, हा घ्या, माझ्याच हातचा हाय. बाबाराव म्हणाला, "काकी, तो पमीनं काढला नसेल कशावरून? इथं काढा. आमच्यासमोर."
उत्तम माझ्याकडं बघत होता. इथं मांजर न्हाई, शेळी न्हाई. चार कम्प्युटर आन बर्फाचा डोंगर.
मंग दिसलं. बाबारावच्या डाव्या कानामागं पेन खोचलेला, कानातून केसांचा झुपका, पाळी लांब, लाल, पान खाताना वरखाली होऊन राहिलेली.
म्हणलं, "बाबाराव, हलू नको."
"मी?"
"ढवळी हलते तसा हलतोस. गप उभा राहा."
श्वास धरला. दाबलं. दाबल्यावर हात हलवला न्हाई.
अख्खा कान आला. पेनासकट. केस मोजून घ्यावेत इतका साफ.
दुकानवाल्यानं वायर लावून पडद्यावर आणला. केवढा मोठा झाला! पोरं फिसफिस करायला लागली. दुकानवाला म्हणे, आजी, खाली काय लिहू? इथं थांबायला पाहिजे होतं. पण माझ्या तोंडाला गुंडी न्हाई. म्हणलं, "लिही. आमच्या भावकीचा कान. औंढ्यात बसून सगळ्या तालुक्याचं ऐकतो."
दुकान हसलं. पोरं टेबल वाजवायला लागली. बाबाराव पानाच्या पिचकारीवाणी लाल झाला, निघून गेला. उत्तमनं रुमाल तोंडाला लावला, खोकला आल्यासारखं केलं. खोकला नव्हता.
दुकानवाल्यानं नवीन विषय कागदावर लिहून दिला, 'उंबरा'.
परत येताना एसटीत उत्तमनं तिकिटं काढली. मंग म्हणाला, "माय, रविवारी पाहुणे बाबारावच आणणार होता."
"मंग?"
"आता तो त्यांना काय सांगेल?"
हा विचार मी केला नव्हता. म्हाताऱ्या बाईनं केला पाहिजे होता.

शनि. १५ डिसें.
बाबाराव गावात येऊन गेला, आमच्याकडं आला न्हाई. विहाराजवळ बायकांना सांगत होता म्हणे, गिरजाकाकीचं डोकं फिरलं, माणसांचे कान काढत फिरते. शेजारीण विचारायला आली, खरं का? म्हणलं, खरं. तुझा काढू? पदर कानावर घेऊन पळाली.
पमीबद्दल बाबाराव काही बोलला का ते कळत न्हाई. माझ्यासमोर तरी कोणी बोलत न्हाई.
पास अजून शर्टाच्या खिशात. शोभानं शर्ट धुवायला मागितला, उत्तमनं दिला न्हाई.

रवि. १६ डिसें.
पाहुणे आले. बाबाराव न्हाई. पोराची आई आन मामा, दोघंच. पोहे केले. पमीनं पाणी दिलं, मान खाली, नेसवलेलं लुगडं तिला आवळत होतं.
पोराची आई माझ्याकडं टक लावून. "ते फोटू काढणाऱ्या आजी तुमीच का?"
"मीच."
"आमच्या गावापर्यंत आलं."
उत्तमचा चेहरा पडला. मी म्हणलं, "मंग काय ऐकलं?"
"म्हातारी येडी हाय म्हणे." असं म्हणून ती पमीला विचारायला लागली, कितवीला हाय, काय करायचंय. पमीनं मान वर करून सांगितलं, नर्सिंग. मामा पोहे खाणं थांबवून बघायला लागला. बाई म्हणाली, आमच्याकडं सून शिकलेली चालते, पण लग्नानंतरचं बघू. लग्नानंतरचं कोण बघतं ते मला म्हाईत हाय. सुमनच्या सासूनंबी हेच म्हणलं होतं.
कळवतो म्हणून गेले.
उत्तम म्हणाला, स्थळ चांगलं हाय. पुन्हा म्हणाला, स्थळ चांगलं हाय. मी कागद काढून पुढं ठेवला, 'उंबरा' लिहिलेला.
"हे काय?"
"माझा ह्या हप्त्याचा विषय. चार माणसांत सांगतो म्हणालास ना, मायला येड लागलं म्हणून? आता दर हप्त्याला काढावं लागेल. न्हाई काढला तर बाबाराव म्हणेल, बघा, खोटं होतं, पोरीचंच होतं."
"मंग काढ की."
"काढते. पण टाकायला औंढ्याला कोण जाईल? विषय कोण आणेल? मला कम्प्युटर वाचता येत न्हाई. दर गुरुवारी काम बुडवून तू जा. न्हाईतर जी रोज जाते तिला जाऊ दे."
त्यानं कागदाची घडी घातली, परत उघडली. म्हणाला, "तू लई आगाऊ हायस."
"हाय."
"विचार करू दे."
हे व्हय न्हाई, न्हाईबी न्हाई. घागरीवरचं गोणपाट काढलं. पाणी भरून ठेवलं. झाकून ठेवलेल्या भांड्यानं काय होणार.

सोम. १७ डिसें. सकाळ
घाईत लिहिते. पमीनं कालेजचा ड्रेस घातला. कोणी सांगितलं न्हाई तिला. दप्तर घेऊन उंबऱ्याच्या आत उभी, बाहेर पाय टाकत न्हाई. मु. उंबऱ्यावर बसलेला, एक पाय आत, एक बाहेर, कामावर देखरेख.
उत्तम अंगणात पाठमोरा. तोच शर्ट. आज थापी घेतली न्हाई, घमेलंबी न्हाई. कामाला जायची सायकलबी भिंतीलाच हाय. काय मनात हाय विचारायची माझी छाती न्हाई, आन मला छाती न्हाई असं कधी होत न्हाई.
शोभानं डबा भरला. कोणाचा ते बोलली न्हाई, चुलीपाशी ठेवून दिला.
उत्तमचा हात वरच्या खिशाकडं गेला. गुंडी उघडली. पास नुसता चाचपून बघितला, गुंडी परत लावली.
फाट्यावर एसटीचा हारन वाजला. वही ठेवते. मोबाइल घेते, 'उंबरा' काढायचा हाय.